शेपटीतलं विद्युतक्षेत्र: रिकनेक्शनचं कारण की परिणाम?

रात्रपाळी: प्लाझ्मा भौतिकी शिकतेय, एका जागी पार अडकलेय. पुस्तक म्हणतं, विरळ प्लाझ्मा (सुट्या आयन-इलेक्ट्रॉनांचा वायू) जवळजवळ आदर्श वाहक, त्यात विद्युतक्षेत्र टिकत नाही. पुढच्याच प्रकरणात पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीत (सौरवाऱ्याने रात्रीच्या बाजूला लांब ताणलेल्या चुंबकक्षेत्रात) पहाटेकडून संध्याकाळकडे जाणारा विद्युतक्षेत्राचा बाण! वहीत तो चारदा खोडलाय. रिकनेक्शन, म्हणजे चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळणं, या क्षेत्रामुळे होतं, की उलट?

जुना_कण: शून्य दिसतं ते प्लाझ्मासोबत वाहणाऱ्याला. बाहेर उभं राहिलं की वेग गुणिले चुंबकक्षेत्र एवढं दिसतंच. सौरवारा सेकंदाला 400 किमी, क्षेत्र 5 नॅनोटेस्ला, म्हणजे मीटरमागे 2 मिलिव्होल्ट. शेपटीत त्यातलं थोडंच पोचतं, 0.2 धर. 20 नॅनोटेस्लाच्या लोबमधला (शेपटीच्या वरच्या-खालच्या भागातला) प्लाझ्मा तेवढ्यावर सेकंदाला 10 किमीने मध्याकडे सरकतो. प्रवाहपट, म्हणजे दोन लोबांमधला विद्युतप्रवाहाचा थर, दबत दबत काहीशे किमीवर आला की आयनांच्या हातून क्षेत्ररेषेचं बोट सुटतं. बाहेरचं क्षेत्र एवढीच तयारी करतं.

रात्रपाळी: मग रेषा तोडतं कोण? ऐन एक्स-बिंदूवर, जिथे रेषा तुटून जुळतात, चुंबकक्षेत्रच शून्य, म्हणजे तुमचा गुणाकारही शून्य.

जुना_कण: बरोबर पकडलंस. (माझी यावर एक अख्खी परीक्षा बुडाली होती.) तिथेही विद्युतक्षेत्र उरतं, त्याला तोलून धरतात इलेक्ट्रॉन. ते त्या पातळ पट्ट्यात वरखाली झोके घेतात, वेग घेतात आणि कुणालाही न धडकता निसटतात. संवेग सोबत नेतात, म्हणून टकरींशिवायही रोध असल्यासारखं वागणं होतं. 11 जुलै 2017 ला नासाच्या एमएमएस मोहिमेची चार यानं, पृथ्वीच्या 22 त्रिज्यांवर, थेट अशा जागेतून गेली.

तिरपा_अक्ष: 'कारण की परिणाम' हा वादच मला पटत नाही. हिशोब करा. 20 नॅनोटेस्ला, घनसेंटीमीटरला 0.1 प्रोटॉन, म्हणजे आल्फवेन वेग (क्षेत्ररेषांवरून धावणाऱ्या लहरींचा वेग) सेकंदाला 1,380 किमी. रिकनेक्शनचा वेग साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे विद्युतक्षेत्र मीटरमागे 2.8 मिलिव्होल्ट. बाहेरून 0.2, आत 2.8! दोन्ही सारखी असती तर सगळं एकसारखं चाललं असतं. जुळत नाहीत म्हणून शेपटी तासभर चुंबकीय फ्लक्स (क्षेत्ररेषांचा साठा) साठवते आणि मग भराभर उधळते. फॅराडेचा नियम आहे: विद्युतक्षेत्र जागोजागी वेगळं असलं की चुंबकक्षेत्र बदलणारच. बुधावर हेच चक्र दोन-तीन मिनिटांत उरकतं.

जुना_कण: उधळण अरुंद पट्ट्यात होते, अख्ख्या शेपटीत नाही. बाकी मान्य.

रात्रपाळी: खोडलेला बाण परत काढला, 1 सेंमीचा. शेजारी आतला, 14 सेंमीचा. तो समासाबाहेर गेलाय, राहू दे.