‘व्यभिचारी भाव’ : हा शब्द वर्गात सांगायचा कसा?

बोडीकाठ : अकरावीच्या तासाला रससिद्धांत सांगताना फळ्यावर ‘व्यभिचारी भाव’ लिहिलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. एकानं विचारलंच, "सर, हे नाटकात चालते काय?" मी घाईघाईनं पुसून त्याचंच दुसरं नाव ‘संचारी’ लिहिलं. घरी येताना सायकलवर वाटत राहिलं, पुसायला नको होतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात 8 स्थायी (मनात टिकून राहणारे), 8 सात्त्विक (घाम, कंप असे अंगावर उमटणारे) आणि 33 व्यभिचारी (येऊन जाणारे), असे 49 भाव आहेत. रससूत्रातही हाच शब्द आहे : ‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः’. म्हणजे विभाव (भावाची कारणं), अनुभाव (त्याच्या दिसणाऱ्या खुणा) आणि व्यभिचारी एकत्र आले की रस, म्हणजे प्रेक्षकाला येणारा आस्वाद, निपजतो. फोड भरतानंच सातव्या अध्यायात केली आहे. वि म्हणजे नाना परींनी, अभि म्हणजे कडे, चर् म्हणजे चालणं. रसाकडे नाना वाटांनी चालणारे ते व्यभिचारी. पुढे तो म्हणतो, ‘चरन्ति’ म्हणजे नेतात. कसे नेतात? सूर्य दिवसाला नेतो तसे. सूर्य काही दिवसाला हातावर किंवा खांद्यावर घेऊन जात नाही, पण लोक तसं बोलतात ना! शास्त्रकार अडला की लोकांच्या बोलण्याकडे वळतो, हे मला भारी आवडतं.

प्रश्न असा, की यातून आजचा वाईट अर्थ निघाला कसा?

पाटावरचा : वाईट अर्थ यातून निघालेला नाही. संस्कृतात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मूळ कल्पना एका जागी न ठरण्याची. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या शास्त्रात, जो हेतू (पुरावा म्हणून दिलेली खूण) साध्य (जे सिद्ध करायचं ते) नसेल तिथंही सापडतो त्याला ‘सव्यभिचार’ म्हणतात. तिथं बाईपुरुषाचा काही संबंध नाही. गीतेच्या 13व्या अध्यायात ‘भक्तिरव्यभिचारिणी’ आहे, म्हणजे न ढळणारी भक्ती. तुमच्या पोरांना आधी ‘अव्यभिचारिणी’ सांगा. गावात पारायण ऐकलेलं असतं, हसणार नाहीत.

बोडीकाठ : हे सुचलंच नव्हतं. ‘संचारी’ चुकीचा नाही, पण त्यात नुसतं फिरणं उरतं, ‘अभि’ गळतो. कशाकडे फिरतात तेच जातं.

दशरूपक या नाट्यावरच्या संस्कृत ग्रंथात धनंजयानं उपमा दिली आहे : समुद्रात लाटा उठाव्यात आणि बुडाव्यात तसे हे भाव स्थायीत उठतात, बुडतात. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. मी बोडी, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, सांगतो. वारा सुटला की पाण्यावर लहरी धावतात, बोडी जागच्या जागी.

वऱ्हाडी ठेचा : राजेहो, 33 नावं पाठ करून काय होते? निर्वेद, ग्लानि, शंका, असूया... परीक्षा झाली का इसरलं. एखादा भाव दाखवा ना.

बोडीकाठ : दाखवतो. ‘अवहित्थ’ घ्या, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर येऊ न देणं. भरतानं त्याच्या खुणा दिल्या आहेत : भलतंच बोलणं, खाली पाहणं, बोलता बोलता तोडणं, उसनं धैर्य.

मागच्या हिवाळ्यात शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक होतं. धान बुडालेला बाप आणि दिवाळीला माहेरी आलेली लेक, असा प्रवेश. लेक विचारते, "बाबा, औंदा कसं झालं?" नट लगेच म्हणतो, "चहा मांड बापा, थंडी लय हाये." हसतो. पण खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळतो, सोडतो, पुन्हा गुंडाळतो. लेकीकडे एकदाही पाहत नाही. माझ्या बाजूला ताडपत्रीवर गोधडी पांघरून बसलेली म्हातारी पुटपुटली, "हासून रायला, पन पोटात इंगय हाये." इंगय म्हणजे इंगळ, निखारा. विनोदी माणूस मागून येऊन धडपडला, मंडप हसला, म्हातारी नाही हसली.

तिथं स्थायी शोक, रस करुण. अवहित्थ आला, चिंता आली, क्षणभर दैन्य दिसलं आणि गेलं. तिन्ही त्याच शोकाकडे चालत होते.

पाटावरचा : लिहिलंच आहे तर एक सांगून टाकतो. रस ‘करुण’, ‘करुणा’ नव्हे. करुणा म्हणजे दया. निमंत्रणपत्रिकांत ‘करुणा रसाने ओथंबलेले नाटक’ छापतात तेव्हा दात शिवशिवतात. निदान विदर्भात तरी नीट छापावं. ‘एको रसः करुण एव’ (रस एकच, करुण) म्हणणारा संस्कृत नाटककार भवभूती पद्मपूरचा, आणि ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचंच असं मानतात.

वऱ्हाडी ठेचा : छापू द्या हो, लोक रडतेत ना तिथं! बरं, त्या 33 मंधी ‘मरण’ काहून? मेलेला माणूस येऊन जाऊन थोडीच करते?

पाटावरचा : भाव नटाला करून दाखवायचा आहे. भरत रोगानं आलेलं आणि घातानं आलेलं मरण वेगळं काढतो, विष चढतानाच्या पायऱ्यासुद्धा सांगतो. रस मात्र प्रेक्षकाच्या मनात टिकणाऱ्या स्थायीवर उभा राहतो. मरण त्याला पुढे ढकलतं.

बोडीकाठ : आता माझी अडचण. ‘अवहित्थ’ला बोलीतला शब्द हवा. ‘लपवणं’ फार ढोबळ आहे, त्यात वरचं हसू येत नाही.

वऱ्हाडी ठेचा : आमची माय म्हणते, "गियून घेतलं." घास गियते तसं. तोंड बंद, गया हालते.