मदत हवी आहे: मुंबईतून बॅरिस्टर व्हायचंय, मानवाधिकार कायद्यासाठी

नमस्कार मंडळी, मी हायकोर्टात सहा वर्षं प्रॅक्टिस करतेय, जास्त करून अंडरट्रायल कैद्यांच्या जामिनाच्या मॅटर, आणि संध्याकाळी एका लॉ कॉलेजात पार्टटाइम शिकवते (१९७९ च्या नियमांप्रमाणे वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, त्यामुळे ती अडचण नाही). पुढे आंतरराष्ट्रीय मानवाधिकाराचं काम आणि शिकवणं दोन्ही करायचंय. बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून (बॅरिस्टरांची जुनी संस्था) बॅरिस्टर झाले आणि १९३५ मध्ये इथल्याच गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, तो रस्ता मनातून जातच नाही.

इंग्लंडच्या बार स्टँडर्ड्स बोर्डाची (तिथल्या बॅरिस्टरांवर देखरेख करणारी संस्था) ट्रान्सफरिंग क्वालिफाइड लॉयरची, म्हणजे बाहेरच्या देशातल्या वकिलांनी काही परीक्षा-ट्रेनिंगमधून सूट मागून तिकडे बॅरिस्टर व्हायच्या अर्जाची, माहिती वाचून काढलीय, दोन सीनियरांना विचारलं, पण दोघंही जुन्या पद्धतीने गेलेले. मुंबई युनिव्हर्सिटीचं एलएलएम झालंय, नेट पास आहे. लोन काढायचं नाहीये आणि घरच्यांमुळे सलग वर्षभर तिकडे राहणं जमणार नाही.

इथून वकिली करत कोणी हा अर्ज केलाय का, आणि तुम्हाला कुठल्या परीक्षांतून सूट मिळाली, प्युपिलेज (सीनियर बॅरिस्टरच्या हाताखालचं प्रत्यक्ष ट्रेनिंग) पूर्ण माफ झालं की थोडं करावंच लागलं?