पक्षाघातानंतर होणारे संसर्ग : तुमचे अनुभव लिहा

पक्षाघात झाला की घरचे सगळे हातापायाच्या हालचालीकडे आणि बोलण्याकडे डोळे लावून बसतात. त्याच पहिल्या आठवड्यात न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग गाठतो. साधारण 10 पैकी 3 रुग्णांना कुठला ना कुठला संसर्ग होतोच. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा; आत्ता कुणाच्या उशाशी बसलेल्याला ते कामी येईल.

बाबांची मुलगी : बाबांचा हात हलायला लागला नि त्याच रात्री अंग तापलं, धाप लागली. न्यूमोनिया! "दवाखान्यात असून असं कसं झालं?" आईनं चिडूनच विचारलं. डॉक्टरांनी रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवलं : लिंफोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटल्या होत्या. मेंदूला इजा झाली की ताणाची यंत्रणा जोरात चालू होते, कॉर्टिसॉल आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात आणि प्रतिकारशक्तीच दबते. आईचा राग तिथेच निवला. मला वाटतं, हे पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगायला हवं.

सून : सासूबाईंना ठसका लागत नव्हता, म्हणून गिळणं ठीक असेल असं सगळ्यांना वाटलं. थेरपिस्टताईंनी चमचाभर पाणी पाजून त्यांना "आ" म्हणायला लावलं. आवाज घशात पाणी अडकल्यासारखा ओला आला! ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. मग पाण्यासारखे पातळ पदार्थ दाट करून, ताठ बसवून, अगदी लहान घोट. पुढे जेवण देण्यासाठी नाकातून नळी घातली तरी तोंड रोज नीट स्वच्छ करायचं, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात.

वॉर्डातली सिस्टर : लघवीची नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये. "अजून लागतेय का?" हे रोज सकाळी बिनधास्त विचारा, आम्हाला राग येत नाही. संसर्ग झाला तरी वयस्कर माणसाला ताप येईलच असं नाही. कालपर्यंत ओळखणारा माणूस आज बरळू लागला, सारखा झोपू लागला, तर लगेच सांगा.

भाचा : मामांना आधीच अँटिबायोटिक का देत नाहीत, म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. त्यांनी सांगितलं, 2015 मध्ये नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांत सरसकट अँटिबायोटिक देऊनही रुग्णांची अंतिम स्थिती सुधारली नाही. संसर्ग दिसला की मात्र लगेच सुरू करतात. मामांचं तसंच केलं, ते सावरले.