सोलापुरातल्या व्यसनमुक्ती केंद्रांची मासिक केस-चर्चा: तिचं व्याख्यान होऊ नये म्हणून काय करावं?

सातरस्ता यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सोलापूर शहर आणि आसपासच्या व्यसनमुक्ती केंद्रांतले समुपदेशक, सिस्टर, सोशल वर्कर आणि दोन-तीन मानसोपचारतज्ज्ञ यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं ठरतंय. दुसरा शनिवार, दुपारी ३ ते ५, साधारण पंधरा जण. एकमेकांच्या केसेसमधून शिकायचं आहे, आणि पुढे सगळ्या केंद्रांची माहिती एकत्र करून लिहिण्याजोगं काही उभं करायचं आहे.

भीती एकच आहे. अशा बैठकीत एक जण स्लाइड दाखवतो, बाकीचे माना डोलावतात, चहा होतो आणि सोमवारी वॉर्डात पूर्वीसारखंच चालू राहतं. रुग्ण यंत्रमागावरचे, विडी कामगारांच्या घरातले, एमआयडीसीतले, रिक्षावाले. बोली मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी. प्रत्येक केंद्राचा केसपेपर वेगळा. कुणी सिवा स्केल (दारू सोडल्यावरचा त्रास गुणांत मोजायचं माप) भरतं, कुणी "थरथर ++" एवढंच लिहितं.

दोन तासांत नेमकं काय करावं, वाचायला कुठला पेपर घ्यावा आणि रुग्णाची ओळख उघडी न पडता केस कशी मांडावी, हे विचारतेय. ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

---

पांढरा_कोट

मॅडम, पहिल्या दोन बैठकांत केस घेऊच नका. आधी सगळ्यांची मापं एक करा. एका केंद्राचा सिवा १८ आणि दुसऱ्याचा १० म्हणजे रुग्ण वेगळा की मोजणारा वेगळा, हे कळत नाही तोवर चर्चा हवेतच राहते.

करायचं असं. एकाने दारू सुटल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाच्या रुग्णाचं सोंग घ्यायचं, एकाने तपासायचं. बाकीच्यांनी एकमेकांशी न बोलता कागदावर गुण द्यायचे. मग एकेक मुद्दा घेऊन सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहायचे. जिथे दोनपेक्षा जास्त फरक पडेल तिथे थांबून स्केलची मूळ ओळ मोठ्याने वाचायची. सिवाच्या सुधारित रूपात, म्हणजे सिवा-एआरमध्ये, दहा मुद्दे आहेत. नऊ मुद्द्यांना ० ते ७ आणि स्थळकाळाच्या भानाला ० ते ४, म्हणजे जास्तीत जास्त ६७.

फरक कुठे पडतो ते आधीच सांगतो. थरथर: रुग्णाला दोन्ही हात समोर ताणून बोटं फाकवायला सांगायचं. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांची टोकं टोकांना लावली की जाणवते, तर १. हात ताणल्यावर मध्यम थरथर दिसली तर ४. हात न ताणताही जोरात थरथरत असेल तर ७. बरेच जण हात ताणायला न सांगता मांडीवर ठेवलेले हात पाहून गुण देतात आणि तिथेच दोन-तीन गुण बुडतात.

घाम: तळवे ओलसर असतील तर १, कपाळावर थेंब दिसले तर ४, अंग भिजलं तर ७. पण सोलापुरातल्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा नातेवाईकही भिजलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात रुग्णाला पंख्याखाली दहा मिनिटं बसवून मगच हा मुद्दा भरायचा, असा नियम गटाने एकदाच करावा आणि लिहून ठेवावा.

सगळ्यात मोठा घोळ स्पर्शाच्या मुद्द्यात होतो. आपण विचारतो, "अंगाला मुंग्या येतात का?" रुग्ण "होय" म्हणतो आणि आपण ३ लिहून टाकतो. मराठीत दारूमुळे पायांच्या नसा खराब होऊन कायमच्या येणाऱ्या मुंग्यांनाही मुंग्याच म्हणतात आणि अंगावर किडे चालल्याच्या भासालाही मुंग्याच. पहिल्या तक्रारीला सहा-सहा महिने झालेले असतात, ती विथड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू सोडल्यावरच्या त्रासात, धरायची नाही. तेव्हा दोन प्रश्न करा: "पायात, तळव्यात आधीपासून येतात का?" आणि "दारू बंद केल्यापासून अंगावर काही फिरतंय, वळवळतंय असं वाटतं का?" हेच दोन प्रश्न कन्नड आणि तेलुगूतही लिहून घ्या, आणि त्या भाषेच्या दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घ्या. अर्थ बदललेला लगेच दिसतो.

आणखी एक. शेवटचा घोट किती वाजता घेतला, ही वेळ केसपेपरवर हवीच. "काल रात्री" चालणार नाही. आकडी साधारण ६ ते ४८ तासांत येते, डेलिरियम (भान हरपून भ्रम होणं) बहुधा ४८ ते ९६ तासांत. वेळ नसेल तर तो १० गुण चढता आहे की उतरता, हेच कळत नाही. लक्षणं जोरात असताना दर एक-दोन तासांनी मोजावं, उतरल्यावर चार ते आठ तासांनी. सकाळच्या राउंडला एकदा भरलेल्या सिवाचा उपयोग नाही. आणि पूर्वी आकडी आलेल्या रुग्णात कमी गुणांवर विसंबू नका, त्याला गुण कमी असतानाही आकडी येऊ शकते. बडबडणाऱ्या, भान गेलेल्या रुग्णाला हे स्केल लावायचंच नाही, कारण त्यातले बरेचसे मुद्दे त्याच्या उत्तरावर चालतात.

---

इंद्रभुवन

वरच्या सरांचं बरोबर आहे, पण दारू उतरवणं हे पहिल्या आठवड्याचं काम. समुपदेशकांसाठी तितकंच महत्त्वाचं माप म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही पिण्याच्या सवयीबद्दलची दहा प्रश्नांची प्रश्नावली. तिच्यात ठरावीक दोन चुका होतात.

पहिली चूक पेगच्या हिशोबाची. प्रश्नावलीत १० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक. १८० मिलीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के लिहिलं असेल तर त्यात सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सहा ड्रिंक. आता रोज एक क्वार्टर घेणारा माणूस धरा. "एक क्वार्टर म्हणजे एक" असं लिहिलं तर पहिल्या तीन प्रश्नांत (किती वेळा पिता, एका दिवशी किती ड्रिंक, सहा किंवा जास्त किती वेळा) त्याला ४ + ० + ० मिळतात. नीट मोजलं तर ४ + २ + ४, म्हणजे १०. धोक्याची रेघ ८ ला आहे. देशीसाठी बाटलीवरची टक्केवारी वाचा. हातभट्टी किंवा शिंदी असेल तर तीव्रतेचा अंदाज करू नका, ग्लास किती मिलीचा आणि किती ग्लास एवढंच लिहा आणि तो रुग्ण वेगळा काढा.

दुसरी चूक शेवटच्या दोन प्रश्नांची. तिथे ०, २ आणि ४ असे तीनच पर्याय आहेत. कुणी १ किंवा ३ दिला असेल तर तो फॉर्म परत पाठवा.

बैठकीच्या वेळेबद्दल. केस ऐकण्यापेक्षा संभाषण ऐकणं जास्त शिकवतं. रुग्णाच्या लेखी संमतीने केलेल्या सेशनच्या रेकॉर्डिंगचा २० मिनिटांचा तुकडा लावा. ऐकताना प्रत्येकाने कागदावर दोन रकाने करायचे: समुपदेशकाने विचारलेले प्रश्न आणि त्याने रुग्णाचं म्हणणं पकडून परत मांडलेली वाक्यं. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या (रुग्णाच्याच बोलण्यातून बदलाची इच्छा जागवायच्या पद्धतीच्या) मोजणीत एका प्रश्नामागे एक मांडणी म्हणजे ठीक, दोन म्हणजे चांगलं. पहिल्या वेळी बहुतेकांचं उलटं निघतं: "किती पिता, कधीपासून, घरी कोण कोण, कामावर जाता का" अशी झडती.

मराठीत यात एक अडचण आहे. "पगाराच्या दिवशी घरी जायच्या आधीच पाय गुत्त्याकडे वळतात." हे वाक्य आवाज खाली आणून संपवलं की रुग्ण पुढे बोलतो. त्यालाच शेवटी "हो ना?" जोडलं की तो नुसता "हो" म्हणतो आणि गप्प बसतो. शेपटीला "ना?" असलेलं वाक्य कुठल्या रकान्यात टाकायचं, हे गटाने पहिल्याच दिवशी ठरवावं आणि मग कायम तसंच मोजावं.

---

सातरस्ता

दोघांचेही आभार, मुंग्यांचा मुद्दा तर आमच्या लक्षातच आला नव्हता. रेकॉर्डिंगला मात्र समुपदेशक बिचकतात. वरिष्ठांसमोर चुका निघतील, पगारवाढीवर परिणाम होईल, असं वाटतं. ते कसं सोडवायचं?

---

इंद्रभुवन

भीती रास्त आहे, ती बोलून घालवता येत नाही, व्यवस्थेनेच जाते. पहिलं रेकॉर्डिंग गटातल्या सगळ्यात अनुभवी माणसाचं लावा. गुण कुठल्याही केंद्रचालकाकडे जाणार नाहीत, कागद त्याच खोलीत फाडायचे, क्लिप ऐकून झाली की सगळ्यांसमोर डिलीट करायची. ऐकून झाल्यावर आधी ज्याची क्लिप आहे त्याने बोलायचं: कुठलं वाक्य मला परत म्हणायला आवडेल. इतरांनी शेरा मारायचा नाही, त्या जागी आपण काय बोललो असतो ते वाक्यच म्हणून दाखवायचं. "एम्पथी कमी पडली" हे ऐकून कुणी सुधारत नाही. तोंडात बसणारं दुसरं वाक्य मिळालं तर मंगळवारी वापरता येतं.

गोव्यात 'संगत' संस्थेने साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना तयार केलं तेव्हाही त्यांनी एकमेकांची रेकॉर्डिंग्ज ऐकून गुण देण्याचीच पद्धत वापरली होती. वाचनासाठी पहिला पेपर त्यांचाच घ्या: २०१७ चा 'लॅन्सेट'मधला, दारूसाठीच्या छोट्या समुपदेशनाचा. फुकट मिळतो. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ३७७ पुरुष, जास्तीत जास्त चार सेशन. तीन महिन्यांनी ऑडिटचे गुण ८ च्या खाली आलेले समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के, नेहमीच्या उपचाराच्या गटात २६ टक्के. पण वाचताना कुणाला घेतलं होतं ते आधी पाहा: ऑडिट १२ ते १९ असलेले. २० च्या वरचे, म्हणजे आपल्या केंद्रात दाखल होणारे बहुतेक, त्यात नव्हतेच. हे न पाहता "चार सेशन पुरतात" असं कुणी म्हटलं तर गट चुकीचं शिकून उठेल. पेपरवर ४० मिनिटांच्या वर देऊ नका. पद्धतीचा भाग आणि एक तक्ता, बस.

---

अंशछेद

आकडेवारी एकत्र करायची म्हणताय म्हणून लिहितो. आधी कमी गोळा करा. वयोगट, मुख्य पदार्थ, दाखल तारीख, ऑडिट, डिस्चार्जची तारीख आणि प्रकार, ३० आणि ९० दिवसांची स्थिती. एवढ्याच रकान्यांत एक वर्ष नीट काढा. चाळीस रकान्यांचा फॉर्म तिसऱ्या महिन्यात कोरा यायला लागतो.

सगळ्यात जास्त फसगत छेदात होते. समजा ४० जण दाखल झाले, ९० दिवसांनी फोनवर २२ सापडले, त्यातले १४ पीत नाहीत. अहवालात "६४ टक्के यश" छापलं जातं. फोन न उचलणारे १८ कुठे गेले? ४० वर भागा, ३५ टक्के येतात. दोन्ही आकडे द्या, पण ठळक दुसरा. दाखल होताना नातेवाइकांचे निदान दोन नंबर घ्या, आणि "केंद्रातून बोलतोय" असं तिसऱ्याच माणसाला सांगायला रुग्णाची परवानगी आहे का, ते त्याच वेळी लिहून घ्या.

९० दिवसांत किती दिवस प्यायला, हे थेट विचारलं तर उत्तर "कधीतरी" येतं. कॅलेंडर समोर ठेवा. आधी पगाराचे दिवस, सण, गावची जत्रा, गड्ड्याची यात्रा, घरातलं लग्न, आजारपण अशा खुणा करा, मग त्या खुणांच्या आधाराने एकेक आठवडा भरा. टाइमलाइन फॉलोबॅक म्हणतात ती हीच पद्धत. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

निष्कर्षाला "सोलापुरातली व्यसनाधीनता" असं नाव देऊ नका. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांत एकालाच काही मदत मिळाल्याचं दिसलं होतं. केंद्रात येणारा हा तो एक आहे, बाकीच्या ३७ बद्दल तुमचा तक्ता काही सांगत नाही.

छापायचा विचार जराही असेल तर आचारसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) परवानगी माहिती गोळा करायच्या आधी. मागाहून मिळत नाही. स्वतःची समिती नसलेल्या केंद्राला दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करता येतो, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती सोय आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (जनआरोग्य) किंवा मानसोपचार विभागातलं कुणी पहिल्यापासून सोबत असेल तर हे सोपं जातं.

ओळख लपवण्याबद्दल: नाव काढलं की झालं असं नाही. "कुंभारीच्या घरकुलातला, ४३ वर्षांचा, जॅकार्डवरचा, बायको विडी कारखान्यात, भाऊ नगरसेवक" एवढ्यावर खोलीतली चार माणसं ओळखतात. वय पाच वर्षांच्या पट्ट्यात, वस्ती गाळून, धंदा "कापड उद्योग" एवढाच, आणि चर्चेला न लागणारा प्रत्येक तपशील बाहेर. व्हॉट्सॲपवर केसपेपरचा फोटो कधीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात, त्यामुळे कलम २३ ची गोपनीयता आपल्या रुग्णांनाही लागू आहे.

---

रात्रपाळी

एक विषय लवकर घ्या: शिंदी पिणारे रुग्ण. तेलंगणात भेसळीच्या शिंदीत अल्प्राझोलाम आणि क्लोरल हायड्रेट ही झोपेची औषधं सापडलेली आहेत, आणि आपली माणसं कामाला, नात्यागोत्यात तिकडे ये-जा करतात. शिंदी दारूच्या मानाने सौम्य, म्हणून असा रुग्ण हलका धरला जातो आणि मग रात्री आकडी येते. सिवा-एआर दारूसाठी आहे, झोपेच्या गोळ्यांच्या विथड्रॉवलसाठी नाही.

लघवीची बेंझोडायझेपिनची (अल्प्राझोलामच्या गटातल्या औषधांची) पट्टी वापरत असाल तर नमुना पहिल्या डोसच्या आधी घ्या. वॉर्डात लोराझेपाम किंवा डायझेपाम दिल्यावर घेतला तर पट्टी आपल्याच औषधामुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. क्लोरल हायड्रेट या पट्टीत दिसत नाही, म्हणून निगेटिव्ह आली तरी निर्धास्त राहू नका. आणि सलाईन लावताना सगळ्या केंद्रांनी एक ओळ पाळावी: ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व). हे डॉक्टरांच्या लेखी स्थायी सूचनेत असलं की रात्री दोन वाजता फोन लावत बसावं लागत नाही.

---

सातरस्ता

ठरलं. पहिल्या बैठकीत फक्त सिवा, हात ताणून. दुसऱ्या बैठकीत ऑडिट, रिकामी क्वार्टर आणि मोजमापाचा ग्लास टेबलावर ठेवून. मुंग्यांचे दोन प्रश्न कन्नड आणि तेलुगूत करून घेतेय, ते इथेच टाकते. त्या भाषा घरात बोलणाऱ्यांनी वाचून अर्थ मराठीत परत लिहावा, मूळ मराठी न पाहता.