‘यूज्ड टू’: कुठे कामाला आलं, कुठे गोची झाली? (सांगली-सातारा अनुभव)

इंग्रजी बोलायला लागलेल्या माणसाच्या तोंडात जे चटकन बसतं आणि मग हलता हलत नाही, ते म्हणजे ‘आय यूज टू गो’. आपल्याकडे ‘जातो’, ‘जात असतो’ आणि ‘जायचो’ या तिघांनाही एकच टोपी घालायची पद्धत पडली आहे. खरं तर ‘आय यूज्ड टू गो’ म्हणजे फक्त ‘जायचो’, मराठी व्याकरणातला रीतिभूतकाळ. ऐकणारा त्यातून ‘म्हणजे आता जात नाही’ हेही समजून घेतो. वर्तमानकाळात ‘यूज टू’ नावाचं काही नाहीच. रोज जात असाल तर ‘आय गो एव्हरी डे’ म्हणा, नाहीतर ‘आय यूज्वली गो’. संपलं.

नियम कुठल्याही पुस्तकात मिळतील, मला अनुभव हवेत. सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, सातारा, कुठूनही लिहा. ‘इंग्रजी हवंच कशाला’ हा वाद मात्र इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

बेदाणेवाला, तासगाव

आमचा बेदाण्याचा व्यापार. आखातातल्या एका व्यापाऱ्याशी मेलवर बोलणं चाललं होतं. ऑफिसातल्या पोरानं आमची ओळख करून देताना लिहिलं, ‘वुई यूज्ड टू सप्लाय रेझिन्स टू दुबई’. त्याला म्हणायचं होतं की दुबईला माल पाठवायचा आम्हाला सराव आहे. समोरून एका ओळीचं उत्तर आलं, ‘व्हाय डिड यू स्टॉप?’

आता बोला! मालात खोट निघाली म्हणून कुणीतरी घेणं बंद केलं असणार, असा त्यानं अर्थ काढला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तोच काढला असता. मग फोन लावला, चालू वर्षाची बिलं पाठवली, नमुना पाठवला, तेव्हा गाडी रुळावर आली. पोरगं हुशार आहे, व्याकरणाचं पुस्तक घेऊन भांडायला आलं. त्याला म्हटलं, चालू धंदा असेल तर सरळ ‘वुई सप्लाय’ लिही. सराव सांगायचा असेल तर ‘वुई आर यूज्ड टू सप्लायिंग’. मधे ‘आर’ दिसला की पुढच्या क्रियापदाला आयएनजीचं शेपूट लागलंच पाहिजे. आणि बंद पडलेल्या गिऱ्हाइकाबद्दल लिहायचं असेल तेव्हाच नुसतं ‘यूज्ड टू’. गिऱ्हाईक बंद पडल्याचं नव्या गिऱ्हाइकाला सांगायचं की नाही, हा पुन्हा वेगळा विषय!

मिरजकर सिस्टर

आमच्याकडे हे केसपेपरवर येतं. शिकाऊ डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘पेशंट यूज्ड टू च्यू टोबॅको’. वाचणारा म्हणणार, सोडली वाटतं. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे नक्की माहीत असावं लागतं, म्हणून मी कॉटपाशी जाऊन विचारलं, “मामा, तंबाखू सोडली का?”

“सोडली की. आता फक्त सकाळची. आणि जेवल्यावर.”

उशीखाली पुडी होती, चुन्याच्या डबीसकट. पेपरवर ‘च्यूज टोबॅको’ करून घेतलं. तेव्हापासून नवीन मुलींना मी सांगते, ‘यूज्ड टू’ लिहायच्या आधी पेशंटला विचारा, ‘खायचा की खाता?’ मराठीत उत्तर नीट मिळालं की इंग्रजी आपोआप नीट येतं. सोडून किती दिवस झाले तेही लिहा. ‘आज सकाळपासून सोडली’ म्हणणारेही भेटतात.

हळदपेठ, सांगली

तिसरा प्रकार राहिलाच की. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून माहितीपत्रकं इंग्रजीत करायची हौस वाढली. त्यात हमखास असणारं वाक्य म्हणजे ‘टर्मरिक इज यूज्ड टू मेक कुमकुम’. हे बरोबर आहे, पण सवयीशी त्याचा काडीचा संबंध नाही. इथे ‘यूज्ड’ म्हणजे ‘वापरतात’. ‘इज’ दिसला म्हणून तासगावच्या दादांचं शेपूट इथे लावाल तर हळदीलाच कुंकू करायची सवय लागेल!

फरक कानाला कळतो. वापरण्याच्या ‘यूज्ड’मध्ये जावयातला ‘ज’ घोळतो. सवयीच्या ‘यूस्टू’मध्ये स्वच्छ ‘स’ असतो आणि ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये गडप होतो. तो ऐकू येत नाही म्हणूनच पोरं लिहितानाही डी खातात.

निवृत्त मास्तर, कराड

मी शिकवायला लागलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून आलं ते 2000 साली. आमच्या जुन्या पुस्तकांत ‘यूज्ड यू टू प्ले?’ आणि ‘आय यूज्ड नॉट टू’ असली रूपं असत. आज तसं कुणी बोललं तर लोक वळून बघतील. आता ‘डिड यू यूज टू प्ले?’

फळ्यावर नियम लिहून हे मुलांच्या डोक्यात शिरत नाही. मी त्यांना घरी पाठवायचो, आजोबांना विचारून या म्हणून, की गावात पूर्वी काय होतं जे आता नाही. दुसऱ्या दिवशी वही भरून यायची. ‘देअर यूज्ड टू बी अ टूरिंग टॉकीज निअर द टेंपल.’ ‘अवर वेल यूज्ड टू हॅव अ मोट.’ मोटेला इंग्रजी शब्द शोधण्यात तास घालवू नका म्हणायचो, मोटच लिहा. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘माय ग्रँडमदर यूज्ड टू बी टॉल.’ आजी कमरेत वाकली होती. व्याकरणाची एक चूक नाही. मी काही न बोलता बरोबरची खूण केली.

दोन खाचा मात्र लक्षात ठेवा. जुन्या सवयीला ‘वुड’ही चालतो, ‘ही वुड सिंग एव्हरी इव्हनिंग’. पण मोट असणं, टॉकीज असणं ही सवय नव्हे, स्थिती आहे. तिथे ‘वुड’ चालत नाही, ‘यूज्ड टू’च हवं. दुसरं, किती वर्षं ते सांगायचं असेल तर ‘यूज्ड टू’ नको. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन सातारा फॉर फाइव्ह इयर्स’ चूक, ‘आय लिव्ड इन सातारा फॉर फाइव्ह इयर्स’ बरोबर.

गलाईवाला, विटा

आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. परमुलखात गिऱ्हाइकाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलावंच लागतं. भट्टीपुढे बसलेलं बघून कुणी हळहळलं तर एकच वाक्य पाठ आहे, ‘आय एम यूज्ड टू द हीट’. नवीन पोराला ‘यू विल गेट यूज्ड टू इट’. पुढे नाम असलं की शेपटाची भानगडच नाही. मला एवढं पुरतं.

अजिंक्यतारा

समोरच्याला कळल्याशी कारण ना? गोऱ्यांना आपलं मराठी कुठे येतं?

धागाकर्ता

समोरच्याला भलतंच कळलं, हीच तर तासगावच्या दादांची तक्रार आहे. बाकी वाद दुसऱ्या धाग्यावर.

विश्रामबाग

छान माहिती मिळतेय. एक विचारू का? ‘मला भडंग आवडायचं नाही, आता आवडतं’ हे कसं म्हणायचं? ‘डिडन्ट यूज्ड टू’ की ‘डिडन्ट यूज टू’?

निवृत्त मास्तर, कराड

‘आय डिडन्ट यूज टू लाइक भडंग, बट नाऊ आय डू.’ भूतकाळाचा भार ‘डिड’नं उचलला, म्हणून लिहिताना डी जातो. बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, तेव्हा तोंडी परीक्षेत बिनधास्त राहा.

हळदपेठ, सांगली

पण ताई, सांगलीत, तेही विश्रामबागेत राहून भडंग आवडायचं नाही?