मदत हवी आहे: विनानांगरणीच्या सोयाबीनमध्ये वाणी (पुष्कळ पायांचे लांबट किडे) फार झालेत

नमस्कार मंडळी. नांगरट बंद करून गादीवाफ्यावर सोयाबीन टोकतो. आधी घेतलेला ताग कापून तिथेच अंथरतो. आच्छादन उचललं की काळे भुंगेरे, कोळी, टणाटण उडणारे पांढुरके बारीक किडे दिसतात. फार समाधान वाटतं!

पण आच्छादनाखालच्या ओलाव्यात वाणीही वाढलेत. एरवी कुजका पाला खातात, पण पावसाने उघडीप दिली की कोवळे कोंब कुरतडतात, ओळीत तुटाळ (रोपांविना मोकळी जागा) पडते. शेजारी म्हणतात दाणेदार औषध टाक. माझं मन होत नाही, अळ्या-अंडी फस्त करणारे भुंगेरेही त्यात मरतील.

टोकणीच्या किती दिवस आधी ताग कापावा? ओळीवरचं आच्छादन बाजूला सारून फरक पडतो का? रात्री गवताचे ढीग ठेवून सकाळी वाणी वेचणं कुणाला जमलंय का?