गर्भाशयमुखाला सूज आहे. क्लॅमिडियाची वेगळी तपासणी करावी का?

प्रश्न (गुहागर तालुका, वय २७): अंगावरून पांढरे जाते म्हणून चिपळूणला दाखवले. गर्भाशयमुखाला सूज असून स्पर्श होताच रक्त येते, असे सांगून डॉक्टरांनी क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूची तपासणी सुचवली. पॅप स्मिअरमध्ये केवळ ‘दाह’ असे लिहिले होते, मग ही वेगळी तपासणी कशासाठी? यजमान मुंबईला असतात आणि गणपतीतच येतील. तोवर थांबले तर चालेल का?

उत्तर (प्रयोगशाळेत काम करते, रत्नागिरी): पॅप स्मिअर पेशींमधील बदल पाहण्यासाठी असते, त्यावरून क्लॅमिडियाचे निदान होत नाही. हा जंतू जिवंत पेशीच्या आतच वाढत असल्यामुळे साध्या कल्चरमध्येही (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) तो सापडत नाही. त्यासाठी जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेल्या पीसीआरच्या जातीची चाचणी लागते. योनिमार्गातील नमुना स्वतः घेतला तरी चालतो, आणि जंतू जिवंत राहण्याची गरज नसल्याने तो योग्य नळीतून मुंबईपर्यंत नीट जातो.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, मालवण): सूज म्हणजे क्लॅमिडियाच, असे नव्हे. गोनोरिया, ट्रायकोमोनास, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हीही कारणे असू शकतात आणि पुष्कळ रुग्णांमध्ये कोणताच जंतू सापडत नाही. ‘किती टक्के’ याचे उत्तर कोणत्या वयाच्या स्त्रिया तपासल्या आणि कोणती चाचणी वापरली यावर फिरते, म्हणून एखाद्या आकड्यावर विसंबू नये. मात्र बहुसंख्य स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही, आणि उपचाराविना राहिलेला संसर्ग गर्भनलिकांपर्यंत गेल्यास वंध्यत्व किंवा नलिकेतील गर्भधारणा उद्भवू शकते, म्हणून गणपतीपर्यंत थांबू नये. निदान झाल्यास सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. पाळी चुकली असेल तर आधी सांगावे, कारण गरोदरपणी त्याऐवजी ॲझिथ्रोमायसिन देतात. यजमानांनी मुंबईतच तपासणी व उपचार घ्यावेत. दोघांचेही उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत, आणि सुमारे ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. अहवाल पॉझिटिव्ह आला तर तो कोणाकडून आला, हे कळते का?

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, मालवण): नाही. हा संसर्ग लक्षणांविना कित्येक महिने राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून झाला हे अहवाल सांगू शकत नाही. घरात यावरून वाद होऊन औषधच राहून गेल्याचे मी पाहिले आहे. यजमानांना फोनवर सांगणे अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांकडून त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून घ्या.